गोळी लागू पडली, पण डबा भरलेलाच परत आला: एडीएचडीच्या औषधाचा त्रास घड्याळ लावून कसा शोधायचा

सकाळी सव्वासातला मिथाइलफेनिडेटची गोळी, साडेसातला व्हॅन. दुपारी डबा परत येतो तो पोळी-भाजीसकट. वही मात्र पूर्ण, बाईंचा शेरा चांगला. संध्याकाळी पाचला चप्पल सापडत नाही म्हणून मूल भोकाड पसरतं आणि रात्री दहाला भूक भूक करत स्वयंपाकघरात येऊन उभं राहतं. एडीएचडीवर (लक्ष न टिकणं आणि जास्तीची चंचलता हा विकार) उत्तेजक गटातली गोळी सुरू झाली की पुष्कळ घरांत पहिल्या महिन्यात हेच चालू असतं. मग घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो गोळी बंदच करा, दुसरा म्हणतो अभ्यास होतोय ना, मग होऊ दे थोडा त्रास. दोघेही घाई करतात. आधी एक साधं काम करायचं असतं: कोणता त्रास किती वाजता होतो ते लिहून काढायचं.

याचं कारण असं, की या औषधांचा हिशोब तासांचा असतो. थायरॉइडची गोळी अंगात मुरलेली असते, एक दिवस चुकली तर लगेच कळतही नाही. मिथाइलफेनिडेटची साधी गोळी अर्ध्या-पाऊण तासात काम सुरू करते, दोन तासांच्या आसपास तिचा जोर सगळ्यात जास्त असतो आणि तीन-चार तासांत खेळ आटोपतो. म्हणून एकाच मुलाला सकाळी दहाला औषध जास्त झाल्याचा आणि संध्याकाळी औषध उतरल्याचा, असे दोन उलटे त्रास एकाच दिवशी होऊ शकतात. दोन्हींना ‘साइड इफेक्ट’ म्हणून एका पिशवीत घातलं की उपाय चुकतो. जोर जास्त असतानाचा त्रास डोस कमी केल्याने जातो. उतरतानाचा त्रास डोस कमी केल्याने उलट लवकर सुरू होतो.

वहीचं एक पान घ्या आणि आठवडाभर चारच गोष्टी लिहा. गोळी किती वाजता घेतली, काय आणि कधी खाल्लं, त्रास कोणता आणि किती वाजता झाला, झोप कधी लागली. एखादा दिवस गोळी राहिली तर तो दिवस आवर्जून लिहा, कारण गोळीशिवाय काय होतं ते त्यावरूनच कळतं. औषध सुरू होण्याआधीच्या आठवड्याची अशी नोंद असेल तर सोन्याहून पिवळं. रात्री अकरापर्यंत जागणं, नखं कुरतडणं, जेवताना ताटावरून उठणं यातलं बरंच आधीपासून असतं आणि नंतर त्याचं खापर गोळीवर फुटतं.

गोळी कोणती, ते आधी बघा

भारतात एडीएचडीसाठी मिळणारं उत्तेजक औषध म्हणजे मुख्यतः मिथाइलफेनिडेट. अमेरिकेत सर्रास दिली जाणारी ॲडेरॉलसारखी ॲम्फेटामिन गटातली औषधं इथे औषधाच्या दुकानात मिळत नाहीत. मिथाइलफेनिडेट साध्या रूपात येतं आणि हळूहळू सुटणाऱ्या रूपातही. सावकाश सुटणाऱ्या सगळ्या गोळ्या सारख्या नसतात. काही सहा-आठ तास पुरतात. ‘ओरॉस’ नावाच्या रचनेची गोळी बारा तासांपर्यंत जाते. तिच्या बाहेरच्या थरात २२ टक्के औषध असतं, ते लगेच सुटतं. उरलेलं ७८ टक्के आतल्या कप्प्यात असतं. आतड्यातलं पाणी शोषून आतला एक थर फुगतो आणि बारीक भोकातून औषध हळूहळू बाहेर ढकलतो. रिकामं कवच शौचावाटे बाहेर पडतं. ते पाहून गोळी पचलीच नाही असं वाटून दुसरी देऊ नका.

इथेच आपल्याकडची सगळ्यात नेहमीची चूक होते. त्रास होतोय, मग अर्धी गोळी देऊन बघू. साध्या गोळीचं हे चालतं. सावकाश सुटणारी गोळी तोडली, कुटली किंवा चावली की तिची रचनाच मोडते. बारा तासांत यायचं औषध एकदम येतं, सकाळी छातीत धडधड होते आणि दुपारी परिणाम शून्य. डोस कमी झाला तरी त्रास वाढला, असं कोडं पडतं ते यामुळे. कमी डोस हवा असेल तर कमी ताकदीची पूर्ण गोळी लिहून घ्यावी लागते. तसंच, दुकानदाराने नेहमीची गोळी नाही म्हणून दुसऱ्या कंपनीची दिली तर मिलिग्रॅमचा आकडा जुळला म्हणून खूश होऊ नका. ती किती तास चालते ते विचारा.

सकाळी दहा ते बाराचा त्रास

या वेळेत डोकं दुखणं, छातीत धडधड, हात थरथरणं, जिवाची उलघाल होत असेल तर संशय डोसवर घ्यायचा. मोठ्या माणसांत याच वेळी दातावर दात आवळले जातात, तोंड कोरडं पडतं, बोटं गार पडतात.

मुलांत एक लक्षण जास्त फसवं आहे, कारण ते त्रासासारखं दिसतच नाही. मूल गप्प होतं. हसत नाही, मधल्या सुट्टीत एका जागी बसून राहतं, विचारलं तर एका शब्दात उत्तर देतं. वर्गात त्याचं कौतुक होतं, पाहुणे म्हणतात ‘किती शहाणा झाला’. हा गुण आला असं समजू नये. बऱ्याचदा डोस गरजेपेक्षा जास्त झालेला असतो. बरोबर डोसवर मूल स्वतःसारखंच राहतं, फक्त हातातलं काम पूर्ण करतं. मस्करी, हट्ट, खेळ सगळं जागेवर असतं. ते गेलं असेल तर डॉक्टरांना ‘शांत झालाय’ एवढंच सांगू नका, ‘हसायचा थांबलाय’ असं सांगा. या दोन वाक्यांवरून निर्णय वेगळे होतात.

साध्या गोळीची सुरुवात साधारणपणे ५ मिलिग्रॅमने, दिवसातून एक-दोन वेळा होते. पुढे आठवड्याला ५ ते १० मिलिग्रॅमने वाढवत नेतात आणि दिवसाला ६० मिलिग्रॅम ही सहसा वरची मर्यादा असते. वाढवण्यात घाई झाली तर मधला योग्य डोस हातातून निसटतो. अशा वेळी एक पायरी खाली येऊन आठवडाभर थांबणं हे पहिलं पाऊल. एकदम चढणारी साधी गोळी सोसत नसेल तर सावकाश सुटणारी सोसू शकते.

डोकेदुखी आणि पोटदुखी पहिल्या एक-दोन आठवड्यांत पुष्कळदा आपोआप कमी होतात. त्यात उपाशी पोटाचा आणि पाणी न पिण्याचा वाटा मोठा असतो. गोळी खाऊन झाल्यावर घ्या, बाटली संपते का ते बघा आणि मग ठरवा.

चहाचं काय? ऑफिसात गोळीवर तीन-चार कप चहा किंवा दोन कॉफ्या होत असतील तर धडधड नक्की कशामुळे ते सांगणंच अवघड. एक आठवडा सकाळच्या एका कपावर थांबून बघा. सर्दीच्या गोळ्या हा दुसरा छुपा भिडू. त्यांत फिनाइलएफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन असतं, ते नाडी आणि रक्तदाब वाढवतं. सर्दीची गोळी विकत घेताना एडीएचडीचं औषध चालू आहे हे दुकानदाराला सांगा.

आणि संत्र्याच्या रसाबद्दल. गोळीबरोबर आंबट रस पिऊ नये, हा सल्ला इंटरनेटवर जिकडेतिकडे दिसतो. तो ॲम्फेटामिनचा आहे. आम्लामुळे ते औषध शरीरात कमी शोषलं जातं आणि लघवीवाटे लवकर निघून जातं. अमेरिकेत ॲडेरॉल घेणाऱ्यांनी तो पाळावा. मिथाइलफेनिडेट शरीरात वेगळ्या वाटेने मोडतं, तिथे लिंबू सरबताने बिघडत नाही.

पाच वाजताचं रडगाणं

औषध उतरताना आधीची लक्षणं काही काळ दुपटीने परत आल्यासारखी वाटतात. चिडचिड, रडू, भांडण, मोठ्यांमध्ये थकवा आणि उदासी. तास-दीड तासात ते ओसरतं. ओळखायची खूण एकच: रोज जवळपास त्याच वेळी होतं आणि गोळी तासभर उशिरा घेतली तर तेही तासभर पुढे सरकतं.

पहिला उपाय औषधाचा नाही. मूल घरी आलं की कुठलाही प्रश्न विचारण्याआधी खायला द्या. दुपारी ते जेवलेलं नसतं, त्यामुळे निम्मी चिडचिड भुकेची असते. त्या तासात शिकवणी, पाढे, शुद्धलेखन ठेवू नका. खाली खेळायला पाठवा. एवढं करून भागलं नाही तर डॉक्टर दोन गोष्टींचा विचार करतात. एक तर जास्त तास चालणारी गोळी, किंवा सकाळचं औषध उतरायच्या अर्धा-पाऊण तास आधी साध्या गोळीचा छोटा डोस, म्हणजे औषध एकदम उतरत नाही. हा छोटा डोस फार उशिरा दिला तर रात्रीची झोप जाते, म्हणून दुपारी चारच्या आतच.

जेवण

भूक मरणं हा सगळ्यात नेहमीचा त्रास आणि तो दुपारी गाठतो. दुपारच्या जेवणाशी युद्ध करण्यात अर्थ नाही. औषध अंगात नसतं त्या दोन वेळा, म्हणजे सकाळ आणि रात्र, ताब्यात घ्यायच्या.

नाश्ता आधी, गोळी नंतर. हा क्रम मोडायचा नाही. नाश्ता बिस्किट-दुधाचा नको. लोणी किंवा तूप घातलेलं थालीपीठ, वर दही. दोन अंड्यांचं ऑम्लेट आणि पोळी. शेंगदाणे घातलेले पोहे, सोबत दूध. नाचणीची खीर, त्यात बदामाची पूड. यासाठी वीस मिनिटं लागतात, म्हणजे उठण्याची वेळ तेवढी आधी न्यावी लागते. इथे बहुतेकांचं गणित फसतं.

डब्यात पोळी-भाजीचा ढीग नको. भूक नसतानाही दोन घासांत जाईल असं द्या: शेंगदाण्याचा किंवा राजगिऱ्याचा लाडू, चीजचा तुकडा, केळं, मूठभर काजू-खारीक. डबा परत आला म्हणून ओरडू नका, जेवणाशी वैर धरलं की औषध बंद केल्यावरही ते टिकतं. रात्री साडेआठला पूर्ण जेवण आणि झोपण्याआधी पुन्हा दूध किंवा तूप-मेतकूट-भात. रात्री दहाची भूक खरी असते. ‘आता नको, उद्या’ म्हणू नका.

मोठ्यांचा प्रश्न जरा वेगळा. भूक नसते आणि कामात डोकं गुंतलेलं असतं, चार वाजता लक्षात येतं की सकाळपासून फक्त चहा झालाय. मग डोकं दुखतं आणि बिल औषधाच्या नावावर फाटतं. दीड वाजताचा गजर लावा आणि भूक नसली तरी अर्धं जेवण करा.

वजनाचं मोजमाप अंदाजाने करू नका. ब्रिटनच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत दहा वर्षांपर्यंतच्या मुलांचं वजन दर तीन महिन्यांनी आणि मुलांची उंची दर सहा महिन्यांनी मोजायला सांगितलं आहे. नाडी आणि रक्तदाब प्रत्येक डोस बदलताना आणि नंतर दर सहा महिन्यांनी. घरी महिन्यातून एकदा, त्याच काट्यावर, तशाच कपड्यांत वजन घेऊन ते वाढीच्या तक्त्यावर मांडा. एका महिन्यात अर्धा किलो इकडेतिकडे होतं. पण रेष सतत सपाट राहिली किंवा खाली वळली तर डोस, गोळीचा प्रकार किंवा औषधच बदलायची वेळ आली. उंचीबद्दल उगाच लपवाछपवी नको. अमेरिकेतल्या ५७९ मुलांचा ‘एमटीए’ नावाचा मोठा अभ्यास पुढे अनेक वर्षं चालला. त्यात नियमित किंवा अधूनमधून औषध घेतलेल्यांची मोठेपणीची उंची, औषध जवळजवळ न घेतलेल्यांपेक्षा सरासरी अडीच सेंटीमीटरच्या आसपास कमी भरली. हे माहीत असताना निर्णय घ्यावा, भीतीने किंवा अज्ञानाने नाही.

झोप

‘गोळीने झोप उडाली’ या वाक्यामागे तीन वेगळी कारणं असू शकतात. दुपारचा डोस उशिरा पडतोय. किंवा संध्याकाळी औषध उतरून चंचलता उसळली आहे. किंवा एडीएचडीमुळे झोपेचं घड्याळ मुळातच मागे आहे, ते बऱ्याच जणांचं असतं. पहिल्यात डोस अलीकडे आणायचा. दुसऱ्यात कधी कधी संध्याकाळी अगदी थोडं औषध देऊन झोप सुधारते, हे ऐकायला विचित्र पण खरं आहे. तिसऱ्यात सकाळचा उजेड, ठरलेली उठण्याची वेळ (रविवारीसुद्धा) आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने थोडं मेलाटोनिन (झोपेचं संप्रेरक). वहीतल्या चौथ्या रकान्यावरून यातलं कोणतं ते कळतं. पाय सारखे हलत असतील, झोपेत लाथा मारत असेल तर रक्तातलं फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्या. लोह कमी असणं आपल्याकडे नवं नाही.

डोळे मिचकावणं, खांदे उडवणं अशा टिक्सवरून घाबरून गोळी लगेच थांबवली जाते. टिक्स मुळातच येतात-जातात, आणि सरासरी पाहता या औषधांनी त्या वाढतात असं दिसत नाही. एखाद्याच्या वाढतातही. दोन-तीन आठवडे नोंद ठेवून मग ठरवणं बरं.

हे दिसलं तर नोंदी ठेवत बसायचं नाही

छातीत दुखणं, खेळताना चक्कर येऊन पडणं, नसलेल्या गोष्टी दिसणं, अंगावर किडे चालल्यासारखं वाटणं, कमालीचा संशय, झोपेची गरजच न वाटणारा उन्माद, मरणाचे विचार: औषध थांबवून त्याच दिवशी डॉक्टर. चार तासांपेक्षा जास्त टिकणारं दुखरं लिंगोत्थान दुर्मीळ आहे, पण ती तातडीची बाब. मुलगे लाजून सांगत नाहीत, म्हणून आधीच सांगून ठेवा. आत्महत्येचे विचार येत असतील तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो. औषध सुरू करण्यापूर्वीच घरात चाळिशीच्या आत कुणाचा अचानक मृत्यू झाला होता का, मुलाला पळताना भोवळ येते का, हृदयात छिद्र होतं का, हे डॉक्टरांना सांगायला हवं. उत्तर ‘हो’ असेल तर हृदयाची तपासणी आधी.

नाहीच जमलं तर

योग्य गोळी, योग्य वेळ, योग्य डोस करूनही त्रास हटत नसेल तर दुसऱ्या गटाकडे वळतात. परदेशात असाल तर मिथाइलफेनिडेट सोसलं नाही म्हणून ॲम्फेटामिनही सोसणार नाही असं नसतं, आणि याच्या उलटही खरं.

इथे पुढचं नाव ॲटोमॉक्सेटिन. हे उत्तेजक नाही, ते दिवसभर काम करतं, त्यामुळे पाच वाजताचं नाटक नसतं. मुलांत रोज किलोला अर्धा मिलिग्रॅम अशी सुरुवात आणि पुढे किलोला १.२ मिलिग्रॅमपर्यंत. म्हणजे ३० किलोच्या मुलाला १५ च्या आसपास सुरू करून ३६ च्या आसपास पोचायचं. सत्तर किलोच्या वरच्या मोठ्या माणसाला ४० ने सुरुवात, मग ८०, आणि कमाल १००. ते सगळ्यात जास्त फसतं एका कारणाने: लोक दहाव्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणून सोडतात. पूर्ण परिणामाला चार ते सहा आठवडे, कधी जास्तही लागतात. त्या काळात जुनी गोळी थोडी चालू ठेवून हळूहळू काढता येते का, हे डॉक्टरांना विचारा, म्हणजे परीक्षेच्या तोंडावर मधली पोकळी पडत नाही. रिकाम्या पोटी घेतलं की मळमळतं, म्हणून पोटभर नाश्त्यानंतर. झोप येत असेल तर रात्री. कॅप्सूल उघडून पूड दुधात मिसळू नका, ती डोळ्यांत गेली तर चुरचुरते. फ्लुओक्सेटिन किंवा पॅरोक्सेटिन ही नैराश्यावरची औषधं चालू असतील तर ॲटोमॉक्सेटिनचं प्रमाण रक्तात बरंच वाढतं, ते आधी सांगा. डोळे पिवळे, लघवी गडद झाली तर यकृताची तपासणी लगेच. आणि पहिल्या काही आठवड्यांत मुलाच्या मूडवर बारीक लक्ष, कारण मरणाचे विचार येण्याची शक्यता या औषधाच्या इशाऱ्यात ठळक छापलेली आहे.

क्लोनिडिन हे मुळात रक्तदाबाचं औषध. चिडचिड, टिक्स आणि झोप या तिन्हींसाठी रात्री थोडं देतात, कधी उत्तेजक गोळीच्या जोडीला. ते गुंगी आणतं, रक्तदाब उतरवतं. बाकीच्यांत चुकून दोन दिवस राहिलं तर फार बिघडत नाही, पण क्लोनिडिन एकदम सोडलं तर रक्तदाब उसळी मारतो. गावी जाताना गोळ्या मोजून घ्या. अमेरिका-ब्रिटनमधल्यांना ग्वानफेसिन हा याच घराण्यातला आणखी एक पर्याय असतो.

ब्राह्मी, बदाम, माशाचं तेल यांना औषधाच्या जागी बसवू नका. पालकांचं प्रशिक्षण, मोठ्यांसाठी वर्तन-विचार उपचार, कामाचे छोटे तुकडे, डोळ्यांसमोर ठेवलेलं घड्याळ, पहिल्या बाकावरची जागा हे मात्र खरं बळ आहे. त्यांच्या जोरावर कमी डोसवर भागतं आणि कमी डोस म्हणजे कमी त्रास. सहा वर्षांच्या आतल्या मुलांत तर सुरुवात प्रशिक्षणापासूनच करायची.

मे महिन्याची सुट्टी

वजन मागे पडलं असेल तर उन्हाळ्याच्या सुट्टीत मिथाइलफेनिडेट थांबवून भूक आणि वाढ भरून काढतात. ही सुट्टी या औषधाला मानवते. ॲटोमॉक्सेटिनला देऊ नका, साठवलेला परिणाम वाया जातो. क्लोनिडिनला तर नकोच. मोठी माणसं गाडी चालवत असतील तर गोळी नसलेल्या दिवशी लक्ष उडतं, तेव्हा लांबचा प्रवास दुसऱ्याकडे द्या. हे औषध प्रत्येक दुकानात नसतं आणि चिठ्ठीशिवाय मिळत नाही, म्हणून मेच्या अखेरीस दुकानात आधी फोन करा. आणि गोळी शाळेच्या पहिल्या दिवशी पुन्हा सुरू करू नका. चार दिवस आधी, मूल घरी असताना, डॉक्टर म्हणतील त्या डोसवर सुरू करा आणि तीच वही पुन्हा उघडा.